पालापाचोळ्यासाठी आठवड्यातला एक दिवस द्या
कुंभकोणमचे महापौर आणि आयुक्त यांना खुले पत्र

माननीय महापौर, माननीय आयुक्त आणि 48 प्रभागांचे सर्व नगरसेवक,
कुंभकोणम महानगरपालिका, जिल्हा तंजावर



मी नाशिकचा, आणि कुंभकोणम ही माझी सासुरवाडी. पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या गावात राहिलेल्या एका तंजावरी मराठी घराचा मी जावई आहे. हे पत्र मराठी वाचकांपुढेही ठेवायचे असल्याने मराठीत लिहितो आहे. तमिळ प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवतो आहे.

मागणी एकच आहे, ती आधी सांगून टाकतो. प्रत्येक प्रभागात आठवड्यातला एक ठरलेला दिवस फक्त झाडापानांच्या कचऱ्यासाठी राखून ठेवा. त्या दिवशी झावळ्या, केळीचे खांब, पाने, छाटलेल्या फांद्या, गवत आणि फुले दारातून उचला. तो माल दुसऱ्या कशातही मिसळू देऊ नका आणि त्याचे खत शक्यतो प्रभागाच्या जवळच करा. 2028 च्या महामहमपूर्वी ही घडी बसायला हवी.

महामहमची मुदत घालण्याचे कारण आहे. गुरू सिंह राशीत आला की आमच्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. त्याच गुरूच्या त्याच मुक्कामात, मासी महिन्यात मघा नक्षत्रावर, तुमच्याकडे महामहमचे पर्वस्नान होते. आमचा मागचा सिंहस्थ 2015 चा, तुमचे महामहम 22 फेब्रुवारी 2016 चे. आता 2027 मध्ये गोदावरीची पाळी आणि 2028 मध्ये महामहम तळ्याची. अशा पर्वणीच्या आधी रस्ते होतात, घाट दुरुस्त होतात, शौचालये बांधली जातात, तात्पुरत्या गाड्या आणि माणसे लावली जातात. पर्वणी संपली की तात्पुरते ते सारे निघून जाते. लाखो लोक येणार म्हणून केलेल्या तयारीतले काहीतरी गावाला कायमचे मिळायचे असेल, तर कचऱ्याची शिस्त हे त्यातले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ काम आहे. त्याची सुरुवात पालापाचोळ्यापासून करावी असे मी का म्हणतो, ते आता सविस्तर मांडतो.

परदेशात बागेचा कचरा म्हणजे हिरवळीवरचे कापलेले गवत आणि शरद ऋतूत गळलेली पाने. कुंभकोणमचा हा कचरा वेगळा आणि कितीतरी मोठा आहे. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार, मधे गाव. गाळाची जमीन, वर्षभर काही ना काही वाढते. जुन्या घरांच्या मागच्या परसात दोन-चार नारळ, केळीचे बेट, शेवगा, कढीलिंब, आंबा, फुलझाडे असतातच. नारळाची वाळकी झावळी महिन्याला एकदा तरी खाली पडते. मासीत कडुनिंबाची पानगळ सुरू झाली की अंगण दिवसातून दोनदा झाडावे लागते. पोंगलला उसाचे शेंडे आणि हळदीचे झाड. आयुधपूजेला दुकानादुकानांसमोर फोडलेले कोहळे आणि प्रत्येक रिक्षा-ट्रकला बांधलेली केळीची रोपे. उन्हाळ्यात शहाळ्यांची टरफले. आणि वर्षभर सारंगपाणी, कुंभेश्वर, नागेश्वर, रामस्वामी या आणि अशा अनेक देवळांतून निघणारी फुले आणि तुळस.

यात सर्वांत मोठा वाटा मंगल कार्यालयांचा असावा. मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या दारात उभे राहून पाहावे. प्रवेशद्वाराशी घडासकट बांधलेल्या केळींपैकी घड कोणीतरी नेलेला असतो, खांब तसेच उभे असतात. केळीच्या खांबात दहातले नऊ भाग पाणी असते. एक खांब उचलायला दोन माणसे लागतात. शेजारी उष्ट्या पानांचा ढीग: रसम-भाताने माखलेली, एकात एक दुमडलेली हिरवी पाने. त्यावर झेंडू-शेवंतीच्या माळा, आंब्याचे तोरण, विणलेल्या झावळ्यांची नक्षी. इथपर्यंत सगळे मातीचेच आहे आणि मातीलाच जायला तयार आहे. मग त्यावर पाण्याच्या बाटल्या पडतात, कॉफीचे कागदी कप पडतात, नवरा-नवरीच्या नावांची थर्माकोलची अक्षरे पडतात, आणि सगळे एकाच गाडीत जाते. एवढ्या एका कृतीने शेकडो किलो खताचा माल कचरा होतो. पुढे कितीही मोठे यंत्र आणले तरी तो पूर्ववत होत नाही.

यात एक नवी अडचण आली आहे, तिच्याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. केळीच्या पानाच्या आकारात कापलेले, हिरव्या रंगाचे, प्लास्टिकचा पातळ मुलामा दिलेले कागदी पान आता खानावळींत आणि पंगतींत दिसते. लांबून पाहिले तर खऱ्या पानातून ते ओळखू येत नाही. कागद कुजतो, मुलामा कुजत नाही, आणि त्याचे बारीक तुकडे खतातून शेतात जातात. तमिळनाडू सरकारने 1 जानेवारी 2019 पासून ज्या एकदा वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली, त्यांत मुलामा दिलेल्या कागदी ताटल्या आणि कपही आहेत. खऱ्या केळीच्या पानासाठी प्रसिद्ध असलेल्या कावेरीकाठच्या गावात खोटे पान चालू द्यायला काहीच कारण नाही. हारांचेही तसेच. केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवलेला हार पूर्ण कुजतो, नायलॉनच्या दोऱ्यातला हार खत करणाऱ्याच्या डोक्याला ताप होतो. देवळांनी आणि फुलवाल्यांनी एवढे एक ठरवले तरी अर्धे काम सोपे होईल.

कायदा या मागणीच्या बाजूने आहे. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरमालकावर जबाबदारी टाकली, की बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा साठवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तसा द्यायचा. रस्त्यावर टाकणे, जाळणे, पुरणे याला त्याच नियमांनी मनाई केली. राष्ट्रीय हरित लवादाने अल्मित्रा पटेल यांच्या प्रकरणात डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये भरपाई ठरवून दिली. म्हणजे नागरिकाने पाने जाळायची नाहीत, रस्त्यावर टाकायची नाहीत, वेगळी ठेवायची आणि पालिका सांगेल तशी द्यायची. या साखळीतली शेवटची कडी पालिकेच्या हातात आहे: कशी आणि कधी द्यायची, ते सांगणे. ठरलेला दिवस नसेल तर माणूस आठवडाभर झावळ्या सांभाळून ठेवील आणि शेवटी कंटाळून काडी लावील. त्याला दंड करण्याआधी त्याला वार सांगायला हवा.

पाने जाळली की काय होते, हे कुंभकोणमच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना सांगायला नको. ओलसर पाला नीट पेट घेत नाही, तो धुमसतो. जमिनीलगत रेंगाळणाऱ्या त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण असतात. अरुंद गल्लीत, भिंतीला भिंत लागलेल्या घरांत हा धूर म्हातारी माणसे आणि दम्याची मुले श्वासातून घेतात. पाला डेपोवर नेऊन टाकला तरी सुटका नाही. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, तिथे पाने कुजताना मिथेन तयार होतो. 100 वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो, आणि तो पेटतोही. जानेवारी 2016 मध्ये मुंबईचा देवनार डेपो पेटला, एप्रिल 2022 मध्ये चेन्नईचा पेरुंगुडी डेपो पेटला. दोन्ही शहरांनी त्या धुरात दिवस काढले.

कुंभकोणमला डेपोचा धडा नव्याने शिकवायची गरज नाही, तुम्ही तो इतरांच्या आधी गिरवलेला आहे. करिकुळमच्या डेपोवर वर्षानुवर्षे साठलेला जुना कचरा उकरून, त्यावर जीवाणूंचे विरजण शिंपडून, तो पुन्हा पुन्हा उलटून आणि मोठ्या फिरत्या चाळण्यांतून चाळून वेगळा करण्याचे काम दशकभरापूर्वी तुमच्याकडे झाले. त्या वेळी देशात थोड्याच गावांनी असे काम हाती घेतले होते. त्या चाळणीतून काय निघाले, हे आपल्या अभियंत्यांना विचारावे. खाली पडली ती मातीसारखी भुकटी, म्हणजे कधीकाळची पाने, फुले आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा. वर उरले ते प्लास्टिक आणि चिंध्या. जे दारात एका टोपलीच्या फरकाने वेगळे राहिले असते, ते वेगळे करायला वर्षांनंतर यंत्रे, डिझेल आणि माणसे लागली. एवढे करूनही त्या भुकटीत काचेचे आणि प्लास्टिकचे कण राहतातच, त्यामुळे भाजीच्या वाफ्यात ती घालायला शेतकरी कचरतो. म्हणून मी म्हणतो की खताचा दर्जा खतप्रकल्पात ठरत नाही, तो गाडीत माल चढतो त्या क्षणी ठरून गेलेला असतो.

आता खताच्या शास्त्राविषयी. ते शास्त्र आपल्या दोघांच्याही घरचे आहे. सर टी. माधवराव 1828 साली कुंभकोणमला एका तंजावरी मराठी घरात जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. त्यांतल्या इंदूरला, त्यांच्यानंतर अर्धशतकाने, आधुनिक कंपोस्टची पद्धत उभी राहिली. 1924 ते 1931 या काळात तिथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी भारतातल्या आणि चीनमधल्या शेतकऱ्यांच्या चालीरीती तपासून ‘इंदूर पद्धत’ बसवली. 1931 मध्ये त्यावर इंग्रजीत जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी ढीग उलटायचा आणि साधारण तीन महिन्यांत खत काढायचे, एवढी ती पद्धत. जगभर ती पोचली. आपल्या गावांतल्या उकिरड्यावर तिची निम्मी अक्कल आधीपासून होती. हॉवर्ड आणि वाड यांनी तिला मोजमाप दिले.

कुंभकोणमच्या मालावर ही पद्धत अशी लागू होईल. तळाला झावळ्यांचे आणि फांद्यांचे तुकडे, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर कडुनिंबाचा, आंब्याचा वाळका पाला. त्यावर केळीच्या खांबाचे काप, ओली पाने, देवळातली फुले आणि गावातल्या कॉफीचा चोथा. डिग्री कॉफीच्या या गावात त्याला तोटा नाही आणि त्यात नत्र भरपूर असतो. त्यावर शेणकाला शिंपडायचा आणि पुन्हा वाळका पाला. वाळक्या पाल्यात कर्ब जास्त, ओल्या मालात नत्र जास्त. दोघांचे प्रमाण तिसास एकच्या जवळ आले की जीवाणू जोमाने कामाला लागतात. कामगाराला हा हिशेब घमेल्याने सांगता येतो: दोन-तीन घमेली वाळके, एक घमेले ओले. ओल ओळखायची रीतही सोपी आहे. मूठभर माल पिळावा. तळहात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. दोन-तीन दिवसांत ढिगाच्या पोटातली उष्णता 55 ते 65 अंशांवर जाते, आत घातलेला हात पटकन मागे घ्यावा लागतो. त्या उष्णतेत तणांचे बी आणि रोगजंतू मरतात. घाण वास येऊ लागला तर समजावे की ओले जास्त झाले किंवा हवा कमी पडते आहे. ढीग उलटून वाळका पाला घातला की वास बसतो. कंपोस्टला वास येतो म्हणून शेजारी तक्रार करतात, त्यांना हे दाखवून द्यायला हवे. नीट लावलेल्या ढिगाला पावसानंतरच्या मातीसारखा वास असतो.

झावळीचा देठ आणि नारळाचे सोडण मात्र असे सहज कुजत नाहीत. त्यांना यंत्राने बारीक करावे लागते. म्हणून प्रत्येक प्रभागाला नाही तरी काही प्रभागांना मिळून एक फांद्या दळणारे यंत्र हवे, चाकांवर फिरणारे असेल तर उत्तम. झावळी गाडीत घातली की गाडी भरल्यासारखी दिसते, आत निम्मी हवाच असते. दळून नेली तर तेवढ्याच फेरीत कितीतरी जास्त माल जातो. यंत्राचा खर्च वाचलेल्या डिझेलमधून वसूल होण्यासारखा आहे. चक्रीवादळाच्या वर्षी तर ही यंत्रे असतील तरच गाव लवकर मोकळे होईल. नोव्हेंबर 2018 च्या गाजा वादळात तंजावर आणि शेजारच्या जिल्ह्यांत नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या होत्या, हे आपण विसरला नसाल.

आमच्याकडे काय झाले, तेही सांगतो. नाशिकमध्ये नव्वदच्या दशकापासून घंटागाडी दारात येते. ठरलेल्या वेळी घंटा वाजली की बाई-माणूस बादली घेऊन खाली उतरते. लोकांच्या सवयी ठरलेल्या वेळेने घडतात, फलकांनी नाही. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने, बारा हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाने, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा दारातच इतका काटेकोर वेगळा घेतला, की तिथला डेपो लोकांनी मुद्दाम पाहायला जावे असे ठिकाण झाला. पुण्यात अदिती देवधर यांनी 2016 मध्ये ‘ब्राउन लीफ’ सुरू केले. ज्याच्या आवारात वाळकी पाने जास्त, त्याची पाने ज्याला बागेसाठी हवीत त्याच्याकडे पोचवायची, एवढीच कल्पना. पाने मागणारे लोक आहेत, हे त्यातून शहराला कळले. गणेशोत्सवात महाराष्ट्रातल्या पालिका घाटांवर निर्माल्य कलश ठेवतात आणि त्याचे खत करतात. देवाला वाहिलेले फूल पाण्यातच गेले पाहिजे, ही समजूत बदलायला वर्षे लागली, पण ती बदलली. आणि न्यू जर्सीत, जिथे मराठी घरे पुष्कळ आहेत, तिथे 1987 च्या कायद्याने झाडांची पाने कचरा डेपोत टाकायला बंदी झाली. अनेक गावांत शरद ऋतूत ठरल्या दिवशी लोक पाने कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवतात, गाडी ती नेते आणि त्यांचे खत होते. तिथल्या आपल्या माणसांना ही शिस्त पहिल्याच वर्षी अंगवळणी पडते. कुंभकोणमच्या माणसालाही पडेल; त्याला फक्त गाडी नक्की येईल याचा भरवसा हवा.

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत.

सुरुवात आडी महिन्यात करा. आडीत लग्ने नसतात, म्हणजे मंगल कार्यालयांचा भार नसतो. आडिपेरुक्कुला सारे गाव कावेरीचे पूजन करते, त्या दिवसाचे निमित्त घ्या. दोन-तीन प्रभाग निवडा, वार जाहीर करा आणि आवणीत मुहूर्त सुरू होईपर्यंत त्या प्रभागांतल्या त्रुटी काढून टाका. त्यानंतर टप्प्याटप्प्याने 48 प्रभागांपर्यंत जा.

नागरिकांना नियम मोजके सांगा. झावळी हातभर तुकड्यांत तोडायची. मोळी काथ्याने किंवा केळीच्या सोपटाने बांधायची, नायलॉनने नाही. पाला गोणपाटात द्यायचा, गोणपाट परत मिळेल. प्लास्टिकच्या पिशवीतला पाला उचलला जाणार नाही. आणि त्या दिवशीच्या गाडीत दुसरे काहीही चढणार नाही, अगदी आयुक्तांच्या घरचेही नाही. हा शेवटचा नियम पहिल्या महिन्यात एकदा जरी मोडला, तरी लोक पुन्हा वेगळे करणार नाहीत.

मंगल कार्यालये, खानावळी, भाजी बाजार आणि देवळे यांच्यासाठी वेगळी व्यवस्था हवी. 2016 च्या नियमांनी दिवसाला 100 किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवले आणि त्यांच्यावर जास्त जबाबदारी टाकली. कार्यालयाचा परवाना देताना आणि नूतनीकरण करताना, केळीचे खांब, पाने आणि फुले वेगळी देण्याची हमी घ्या. मुहूर्ताच्या दिवसांची यादी पंचांगात आधीच असते, गाडीचे वेळापत्रक तिच्यावर बसवता येईल.

जागेचा प्रश्न नक्की येईल. तमिळनाडूतल्या अनेक शहरांनी प्रभागांत सूक्ष्म खत केंद्रे उभारली आहेत, त्या धर्तीवर बाग, मैदानाचा कोपरा, पाण्याच्या टाकीखालची मोकळी जागा पाहता येईल. देवळांच्या नावावर गावाभोवती जमिनी आहेत आणि त्यांचा कारभार हिंदू धार्मिक व धर्मादाय विभागाकडे आहे. देवळांच्याच फुलांचे खत करायला त्यांतली थोडी जागा मागणे गैर नाही. शेण गोशाळांतून मिळेल. गोविंदपुरमला, जिथे विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळात आजही मराठी अभंग गायले जातात, तिथल्या संस्थानाशी बोलून पाहावे. ईशान्य मोसमी पावसात उघड्यावरचा ढीग भिजून सडतो, म्हणून केंद्रावर छप्पर मात्र हवेच.

खत विकत घेणारा शोधत फिरावे लागणार नाही. कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला 2025 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हादग्याच्या झाडावर चढवलेल्या त्या वेलींना सेंद्रिय खत मुबलक लागते. भाताची खाचरे तर गावाच्या वेशीपासून सुरू होतात. आडुदुरईला 1922 पासून चालत आलेली भात संशोधन संस्था तुमच्या अगदी जवळ आहे. प्रत्येक केंद्रातल्या खताची तपासणी करून घ्यावी आणि निकाल केंद्राच्या दारावर लावावा. शेतकरी पालिकेच्या शब्दापेक्षा तपासणीच्या कागदावर विश्वास ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. ज्या घरांनी वर्षभर पाला वेगळा दिला, त्यांना पोंगलला खताची एक पिशवी मोफत द्या. आपल्या परसातला पाला आपल्याच तुळशीत परत आला की पुढच्या वर्षी कोणाला सांगावे लागणार नाही.

आणि सफाई कामगार. हे सगळे त्यांच्या पाठीवर होणार आहे. झावळीच्या कडा हात कापतात, पाल्याच्या ढिगात विंचू-साप निघतात, केळीचा ओला खांब कंबर मोडतो. जाड हातमोजे, गमबूट, खांब ओढायला चाकाची गाडी आणि यंत्राजवळ डोळ्यांचे संरक्षण पहिल्या दिवसापासून द्या. ढीग लावण्याचे काम हे कसबाचे काम आहे. ज्यांना ते शिकवाल त्यांना त्याची वेगळी मजुरी द्या आणि कंत्राट बदलले तरी ही शिकलेली माणसे हलवू नका.

शेवटचे दोन शब्द कुंभकोणमच्या रहिवाशांना, कारण हे पत्र त्यांचेही आहे. ज्यांच्या मागे परस आहे त्यांनी पालिकेच्या गाडीची वाटही पाहू नये. नारळाच्या आळ्यात वाळक्या झावळ्या आणि सोडणे पसरून ठेवा. ओल टिकते, तण येत नाही आणि वर्षभरात त्यांचीच माती होते. केळीचा घड काढल्यावर खांब तिथेच कापून बेटाच्या बुंध्याशी टाका. कोकणातल्या माडा-पोफळींच्या बागा याच रीतीने राखल्या जातात. गाडी हवी ती ज्यांच्याकडे माती उरलेली नाही त्यांच्यासाठी: वाड्यांच्या जागी आलेल्या इमारतींसाठी, कार्यालयांसाठी, रस्त्याकडेच्या झाडांसाठी.

महापौर, आयुक्त, यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा प्रकल्प लागत नाही आणि परदेशी तंत्रही लागत नाही. एक वार ठरवायचा आहे. तो ठरवा, गावाला सांगा, आणि त्या दिवशी गाडी चुकवू नका.



आपला नम्र,
एक नाशिककर